गंजलेला ट्रक आणि रोजची वाट

जुन्या वस्तूंविषयी आपल्याकडे दोन बोल प्रचलित आहेत. एक ‘जुने ते सोने’ आणि दुसरा ‘पांढरा हत्ती पोसणे’. वस्तू विकत घेईपर्यंत माणसाचा पहिल्यावर विश्वास असतो. घेतल्यावर चार-सहा महिन्यांत दुसरा पटू लागतो. या दोहोंच्या मधोमध उभे राहून विचार करण्याची सवड फार थोड्यांना मिळते. मला ती यंदा मिळाली.

आमच्या तालुक्यातील एका वृद्ध आंबा बागायतदारांच्या वाडीत जीप जातीचा एक छोटा ट्रक कित्येक वर्षे उभा होता. बसकट तोंडाचा, इंजिनावरच चालकाची बैठक असलेला. जाणकार त्याला ‘एफ. सी.’ म्हणतात. विलीज कंपनीची ही मूळची अमेरिकन गाडी १९५० च्या दशकातली, ब्रूक्स स्टीव्हन्स या प्रसिद्ध अभिकल्पकाने आखलेली. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केला आणि पुढे १९६० च्या दशकात हा ट्रकही आपल्याकडे तयार होऊ लागला. लांबी थोडकी आणि चारही चाकांना जोर, त्यामुळे कोकणातल्या अरुंद, चढणीच्या वाटांना तो मानवला. बागायतदारांनी किंमत सांगितली साठ हजार. “सर, तुम्ही घेतलात तर चालेल तरी. नाहीतर भंगारवाला किलोवर न्यायला बसलाच आहे,” असेही ते म्हणाले.

मला गाडी हवी होती ती शोभेसाठी नव्हे. कॉलेज घरापासून २२ किलोमीटर, मध्ये एक घाट. शिवाय आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते, तेही पहाटे. एस. टी.ची वेळ आणि रुग्णालयाची वेळ यांचे कधीच जमत नाही. हाताशी अडीच लाखांच्या आतबाहेर रक्कम. तेव्हा प्रश्न सुंदर-असुंदर असा नसून, रोज सकाळी निघेल आणि घाटात थांबेल अशी गाडी कोणती, असा होता.

ओळखीच्या एका मिस्त्रींना घेऊन ट्रक पाहिला. त्यांनी रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. खिशातून लोहचुंबक काढले आणि दारे, मडगार्ड यांवरून फिरवले. जिथे चुंबक चिकटेना तिथे पत्रा गेलेला आणि लांबी भरलेली. मग ते खाली सरपटत शिरले आणि हातोडीने चासी ठोकू लागले. शाबूत लोखंड खणखणते. खाल्लेले लोखंड बद्द वाजते. मागच्या पाट्यांच्या खुंट्यांपाशी दोन ठिकाणी बद्द आवाज आला आणि तिसऱ्या ठिकाणी हातोडी आतच गेली.

गंजाचा स्वभाव समजून घेण्याजोगा आहे. ॲल्युमिनिअमवर जो थर धरतो तो आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो ओल धरून ठेवतो आणि आत शिरतच जातो. शिवाय गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा घेतो, त्यामुळे दोन पत्रे जोडलेले असले की तो फुगून त्यांना उचकटतो. खारी हवा हे काम आणखी जलद करते. चासीच्या पोकळीत वर्षानुवर्षे चिखल साठला की ती आतून पोखरली जाते. बाहेरून रंग मात्र तुकतुकीत. पत्र्याचा गंज हा खर्चाचा विषय, चासीचा गंज हा जिवाचा, असे मिस्त्रींचे सूत्र मला पटले.

दुसरा मुद्दा ब्रेकचा. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सर्वांना तेल पुरवणारी एकच नळीमाळ. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र फळ्या असतात. एक निकामी झाली तरी दुसरी गाडी थांबवते. या ट्रकला पट्टे नाहीत, आणि चालकाच्या गुडघ्यापुढे पत्रा व पत्र्यापुढे थेट रस्ता. पायरी इतकी उंच की डायलिसिसहून थकून आलेल्या आईला उचलूनच चढवावे लागले असते.

तिसरा मुद्दा इंधनाचा. २०२५ सालापर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, वायसर सडवते. म्हणजे त्याही बदलणे आले.

राहिले कागद. मालवाहू म्हणून नोंदलेल्या जुन्या गाडीला दर वर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. ते वाचून मला क्षणभर आशा वाटली. पण त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणावी. नित्य वापरास मनाई. कायद्याने तिला पैठणीचा मान दिला आणि रोज नेसायची बंदी घातली!

मिस्त्रींचा अंदाज होता, चासी, ब्रेक, नळ्या, तारा मिळून दीड ते दोन लाख, आणि काम चार महिन्यांचे. साठ हजार धरून सारी शिल्लक संपणार, आणि त्या चार महिन्यांत आईचे डायलिसिस काही थांबणार नव्हते. पत्नी सगळा हिशेब ऐकून एवढेच म्हणाली, “अहो, ट्रक तुमची वाट पाहील, सासूबाईंना नाही पाहता येणार.”

मी ट्रक घेतला नाही. दोन पट्टे, नीट ब्रेक आणि बुटकी पायरी असलेली एक वापरलेली लहान मोटार घेतली. तिच्याकडे रस्त्यात कोणी वळून पाहत नाही.

बागायतदारांना मात्र मी हातोडीचा सारा वृत्तान्त सांगितला. तो ऐकून त्यांच्या नातवाने मनावर घेतले. मोडकी चासी जोडून घेऊन तो ट्रक वाडीतल्या वाडीत, आपल्याच जमिनीत, सावकाश चालवायचा असे त्याने ठरवले आहे. कलमांपासून अंगणापर्यंत आंब्याच्या पेट्या आणण्यास वेग लागत नाही, आणि तिथे घाटही नाही.

कोणी वाचक अशाच एखाद्या गाडीवर मन बसवून असतील तर त्यांना माझे सांगणे थोडके आहे. किंमत विचारण्याआधी चासी ठोकून पाहा. सुटे भाग कुठे मिळतात आणि हात लावणारा मिस्त्री किती लांब आहे, हे विचारा. घरात दुसरी गाडी असेल तर खुशाल घ्या. जुनी यंत्रे जगली पाहिजेत, आणि ती हौशी माणसांमुळेच जगतात. पण ज्या गाडीची कोणी दारात तयार होऊन वाट पाहत बसणार आहे, ती निवडताना हौशीला थोडे मागच्या बाकावर बसवावे.