पीडीएम पोटॅश: पोतं स्वस्त, पण पोटॅश स्वस्त पडतं का?



आडसाली लागणीची खतं भरायची वेळ आली. दुकानात लाल पोटॅशशेजारी 'पीडीएम'चं पोतं दिसतंय. घ्यावं का, असं बरेच जण विचारतात.

*हे बनतं कसं?*
ऊस जमिनीतून भरपूर पोटॅश उचलतो. ते रसातून मोलॅसिसमध्ये आणि पुढं डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंट वॉशमध्ये जातं. एक लिटर अल्कोहोलमागं साधारण 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश निघतं. ते ओढ्यात-विहिरीत गेलं तर पाणी नासतं. नव्या तंत्रात ते आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. कारखान्याला वाफ आणि वीज मिळते, सांडपाणी बाहेर सोडावं लागत नाही. उरलेल्या राखेत आपल्याच रानातलं पोटॅश असतं. त्या राखेचं खत म्हणजे पीडीएम. लाल पोटॅश परदेशातून आणावं लागतं, म्हणून केंद्र सरकारनं 2021 मध्ये पीडीएमलाही अनुदान योजनेत घेतलं.

*हिशेब असा करा (50 किलोचं पोतं)*
▪️ लाल पोटॅश 60 टक्के: पोत्यात 30 किलो पालाश
▪️ पीडीएम 14.5 टक्के: पोत्यात सव्वासात किलो पालाश

म्हणजे लाल पोटॅशच्या एका पोत्याऐवजी पीडीएमची चारपेक्षा थोडी जास्त पोती लागतात. पीडीएमचा दर लाल पोटॅशच्या पाव दरापेक्षा कमी असेल तरच परवडतं. वाढीव वाहतूक आणि मजुरीही धरा.

आडसालीला शिफारस हेक्टरी 170 किलो, म्हणजे एकरी 68 किलो पालाश. त्याला लाल पोटॅश सव्वादोन पोती किंवा पीडीएम जवळपास साडेनऊ पोती. निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला. पोत्याला पोतं बदललं तर पिकाला पाव हिस्साच पालाश मिळेल.

*काळजी*
1. पोत्यावर पालाशाची टक्केवारी वाचा, पक्की पावती घ्या. सुटी राख घेऊ नका.
2. ओल लागू देऊ नका, गठ्ठे होतात.
3. डीएपी किंवा अमोनियम सल्फेटमध्ये कालवून ठेवू नका. राखेमुळं नत्र उडून जातं.
4. खारवट-चोपण रानात माती परीक्षणाशिवाय टाकू नका.

खरेदीआधी पोत्याचा फोटो आणि दर ग्रुपवर टाका, किलोचा हिशेब काढून देतो.

– कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी, लोणी भापकर