जेरुसलेममधील आश्रयगृहे

विद्यार्थ्यास अन्न द्यावे, हे पुण्यकर्म अनेक समाजांनी मानले आहे. युरोपातील ज्यू पाठशाळांतील गरीब मुले आठवड्याचे सात दिवस निरनिराळ्या घरी जेवत; आपल्याकडील वारावर जेवण्याच्या प्रथेशी ही रीत फारच जुळते. परंतु जेरुसलेमला येऊन तोरा व तालमूद यांच्या अध्ययनात आयुष्य घालविणाऱ्या, बायकामुलांच्या पंडितास केवळ जेवणाचे वार पुरणारे नव्हते. त्याला घर हवे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेरुसलेमवर तुर्की अंमल होता आणि ज्यूंची वस्ती तटबंदीच्या आत होती. माणसे वाढली, जागा वाढली नाही. भाडी मात्र चढली. पंडितांचा चरितार्थ परदेशस्थ धर्मबांधवांच्या वर्गणीवर चाले. या वाटपास 'हलुका' म्हणत. ज्या देशातून जे आले त्यांचा 'कोलेल' नावाचा संघ ती रक्कम वाटून देई. भाडे भागविल्यावर तिच्यातून कितीसे उरणार?

यावर दोन उपाय झाले. न्यू ऑर्लिन्सचे व्यापारी ज्यूडा टूरो १८५४ साली वारले. त्यांनी मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या निधीतून इंग्लंडच्या सर मोझेस माँटेफिओरे यांनी १८६० मध्ये तटाबाहेर 'मिश्केनोत शाननिम' ही वसाहत उभारली. घरे चांगली होती, पाण्याची सोय होती. परंतु रात्री वेशी बंद होत आणि बाहेर लुटारूंचे भय असे. म्हणून आरंभी कित्येक रहिवासी अंधार पडण्यापूर्वी तटाच्या आत परतत. दान मिळाले, तरी निर्भयता मिळावयास काळ लागला.

दुसरा उपाय तटाच्या आतच झाला. जर्मनी व हॉलंड येथील ज्यूंच्या कोलेलने १८६० नंतरच्या काही दशकांत 'बातेई महसे', म्हणजे आश्रयगृहे, बांधली. फ्रँकफर्टच्या रॉथशील्ड घराण्याच्या देणगीतून १८७१ साली तेथे एक कमानदार इमारत झाली. येथे गरजू कुटुंबांस व धर्माभ्यासकांस अल्प खर्चात राहता येई.

या दानावर टीकाही झाली. आयते अन्न व आयते घर मिळाले म्हणजे माणूस परावलंबी होतो, असा आक्षेप होता. माँटेफिओरे यांनाही हे जाणवत असावे. त्यांनी १८५७ मध्ये वसाहतीच्या जागेवर पवनचक्की उभारली, ती लोकांस रोजगार मिळावा म्हणूनच. पंडितास पोसावे की त्याला स्वतःच्या पायावर उभे करावे, हा प्रश्न त्या वेळी सुटला नाही.

घरांनी मात्र आपले काम केले. मे १९४८ च्या लढाईत जुन्या शहरातील ज्यू रहिवाशांनी अखेरचा आसरा बातेई महसेमध्येच घेतला. २८ मे रोजी तेथील ज्यू वस्ती शरण आली व रहिवाशांना ती सोडावी लागली. १९६७ नंतर त्या इमारतींची डागडुजी झाली. मिश्केनोत शाननिम आज लेखक-कलावंतांचे अतिथिगृह आहे. गरीब पंडितांसाठी बांधलेल्या त्या खोल्यांतून विद्येची सोबत अजूनही सुटलेली नाही.