पाण्याची पारख : फ्लोराइडने झाकलेलं ॲल्युमिनियम

गेल्या आठवड्यात नमुना कसा घ्यायचा ते पाहिलं. आता प्रत्यक्ष चाचणी.

भिलाईच्या पोलाद कारखान्याला आणि वसाहतीला तांदुळा, गोंदली, खरखरा, गंगरेल या जलाशयांचं पाणी मरोदा तलावामार्गे मिळतं. धरणाचं पाणी पावसाळ्यात गढुळलं की शुद्धीकरणाला तुरटी जास्त लागते. गाळ तळाशी बसतो, पण मात्रा किंवा सामू चुकला तर तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यातच राहतं. भारतीय मानक 10500 प्रमाणे ते लिटरमागे 0.03 मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 0.2 पर्यंत चालतं. डायलिसिसच्या पाण्याची मर्यादा मात्र 0.01 आहे, कारण तिथे ॲल्युमिनियम आतड्याला वळसा घालून थेट रक्तात उतरतं.

नेहमीच्या चाचणीत एरिओक्रोम सायनिन आर हे रंगद्रव्य वापरतात. सामू 6 वर ॲल्युमिनियमशी जोडलं गेलं की ते गुलाबी-लाल होतं आणि 535 नॅनोमीटरला त्या रंगाची तीव्रता मोजतात. पण या रंगात ढवळाढवळ करणारे बरेच आहेत. दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर उभ्या राहिलेल्या या परिसरात पहिला संशय लोहाचा. त्यावर उपाय सोपा आहे : शंभर मिलिलिटर पाण्यात 0.1 ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल, रोज ताजं बनवलेलं. लोह आणि मँगनीज दोन्ही त्याने आटोक्यात येतात. कालचं द्रावण आज वापरू नका.

पाणी मुळातच पिवळसर किंवा गढूळ असेल तर त्याच नमुन्याचा दुसरा भाग घ्या, त्यात आधी ईडीटीए घाला आणि मग बाकीची सगळी रसायनं तशीच घाला. ईडीटीए ॲल्युमिनियमला धरून ठेवतं, त्यामुळे उरलेला रंग पाण्याचा आणि रसायनांचा. हाच कोरा नमुना धरून यंत्र शून्यावर आणायचं.

मला खरी काळजी वाटते ती फ्लोराइडची. लोहाकडे दुर्लक्ष झालं तर आकडा फुगतो आणि कुणीतरी चौकशी करतं. फ्लोराइड ॲल्युमिनियमला घट्ट बांधून घेतं, रंगद्रव्याच्या वाट्याला फारसं येतच नाही, आकडा घसरतो आणि अहवाल निर्धास्तपणे फाइलला लागतो. हिशोब करून पाहा. लिटरला 0.1 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम म्हणजे 3.7 मायक्रोमोल, 1 मिलिग्रॅम फ्लोराइड म्हणजे जवळजवळ 53. मानकात बसणारं फ्लोराइडसुद्धा अणूंच्या संख्येत चौदापट भरतं!

चंद्रपूर-यवतमाळच्या फ्लोराइडग्रस्त गावांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. नागपूरच्या नीरीने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत फ्लोराइड काढायला तुरटी आणि चुना घालतात. म्हणजे ॲल्युमिनियम उरण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, तिथेच ते झाकणारं फ्लोराइडही थोडंफार शिल्लक असतं.

म्हणून आधी फ्लोराइड मोजा. मग प्रमाण द्रावणांत नेमकं तेवढंच फ्लोराइड घालून आलेख काढा आणि नमुना त्यावर वाचा. पडताळा म्हणून नमुन्याच्या एका भागात 0.1 मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढ होईल इतकं ॲल्युमिनियम मुद्दाम मिसळा. फ्लोराइड न घातलेल्या साध्या आलेखावर वाढ 0.06 एवढीच दिसली, तर पहिला आकडाही कमीच आलेला आहे असं धरा. अहवालात ॲल्युमिनियमच्या शेजारी फ्लोराइडचा आकडाही लिहा.

पॉलिफॉस्फेटही असंच ॲल्युमिनियम दडवतं, पण ते फोडायला आम्ल आणि उष्णता लागते. ती कृती पुढच्या आठवड्यात.