ब्रेक पॅड बदलताना घ्यावयाची काळजी

भाजीपाला, दूध बाजारात नेण्यासाठी अनेक शेतकरी बंधूंकडे आता जीप किंवा पिकअप गाडी असते. भरलेली गाडी उतारावर थांबविताना पुढच्या चाकांच्या ब्रेकवर अधिक भार येतो. ब्रेक दाबताच लोखंड घासल्यासारखा आवाज आल्यास अथवा पॅडचा थर ३ मि.मी.पेक्षा कमी राहिल्यास पॅड त्वरित बदलावेत.

पद्धत : गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा व मागील चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट थोडे सैल करून मग जॅक लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड द्यावा. चाक काढावे. बऱ्याच गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. रबरी नळीवर ताण देऊ नये. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश आत दाबावा. त्या वेळी ब्रेक ऑइल टाकीतून बाहेर वाहू देऊ नये. नवीन पॅडला तेल, ग्रीस लागू देऊ नये. बोल्ट व नट पक्के आवळावेत. एका चाकाचे काम पुरे झाल्यावरच दुसरे उघडावे; मात्र दोन्ही बाजूंचे पॅड एकाच दिवशी बदलावेत. डिस्कवर खोल चर असल्यास किंवा ऑइल गळत असल्यास गाडी मेकॅनिकला दाखवावी.

महत्त्वाचे : पिस्टन आत गेल्यामुळे सुरुवातीला पेडल तळापर्यंत जाते व ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. रिकामी गाडी हळू चालवून ब्रेक तपासावा, मगच माल भरावा.