सातचे चार झाले, म्हणून परीक्षा सोपी झाली? : ॲजाइल प्रमाणपत्राबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दर वर्षी १४ जानेवारीला पानिपतजवळच्या काला अंबला मराठी माणसांची गर्दी होते. महाराष्ट्रातून आलेली मंडळी असतात, हरियाणातला रोड मराठा समाज असतो आणि दिल्ली, गुरुग्राम, नोएडात नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी कुटुंबंही असतात. या शेवटच्या गटात आयटीवाले भरपूर. पानिपतच्या १७६१च्या लढाईतल्या वीरांना मानवंदना देऊन झाली, की चहाच्या घोटाबरोबर विषय आपसूक नोकरीवर येतो. 'पीएमपी झाली का रे?' 'एसीपी बदलली म्हणे.' 'आता सोपी झालीय, सातचे चारच भाग उरलेत.' हिंजवडीच्या कॅन्टीनमध्येही हेच बोलणं चालतं आणि तिथली माहितीही अशीच ऐकीव असते.

आधी बदल काय झाले ते पाहू. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, ही १९६९ साली स्थापन झालेली अमेरिकी संस्था. तिचं पीएमपी हे प्रमाणपत्र १९८४पासूनचं, तर ॲजाइलसाठीचं पीएमआय-एसीपी २०११मध्ये आलं. २ जानेवारी २०२१पासून पीएमपीचा चेहरामोहरा बदलला आणि जवळपास निम्मी परीक्षा ॲजाइल व मिश्र पद्धतींवर गेली. २०२४च्या अखेरीस एसीपीची नवी रूपरेषा आली. पीएमपीची पुढची रूपरेषा जुलै २०२६पासूनच्या परीक्षेसाठी आहे. म्हणजे थोड्याच वर्षांत तीन बदल. या सगळ्याकडे आपण बोर्डाच्या परीक्षेच्या चष्म्यातून पाहतो आणि तिथेच घोळ होतो.

गैरसमज १ : सातचे चार भाग झाले, म्हणजे अभ्यास कमी झाला.

वस्तुस्थिती : हे बोलणं एसीपीबद्दलचं. तिचे प्रश्न पूर्वीही १२० होते, आजही १२०च आहेत. वेळही तीन तासच. बदलली ती मांडणी. जुन्या रूपरेषेत ॲजाइलची तत्त्वं आणि मानसिकता १६ टक्के, मूल्याधारित डिलिव्हरी २०, हितसंबंधीयांचा सहभाग १७, टीमची कामगिरी १६, बदलतं नियोजन १२, अडचणी ओळखणं व सोडवणं १० आणि सतत सुधारणा ९ टक्के असे सात भाग होते. नव्या रूपरेषेत मानसिकता २८, नेतृत्व २५, प्रॉडक्ट १९ आणि डिलिव्हरी २८ टक्के असे चार आहेत.

जुन्या मांडणीत नऊ-दहा टक्क्यांचे भाग बरेच जण सरळ ऑप्शनला टाकायचे. आता ती सोय राहिली नाही. अडचण ओळखणं, तिच्यातून शिकणं, काम पुढे सरकवणं हे सगळं मोठ्या भागांच्या पोटात गेलं आहे. शिवाय मानसिकता आणि नेतृत्व मिळून निम्म्याहून जास्त वजन झालं. तक्ते आणि व्याख्या घोकणाऱ्याला हीच बाजू जड जाते.

गैरसमज २ : पीएमबॉकची नवी आवृत्ती आली, की परीक्षा बदलते.

वस्तुस्थिती : आपल्याकडे पाठ्यपुस्तक बदललं की प्रश्नपत्रिका बदलते. इथला क्रम वेगळा आहे. या पेशात लोक प्रत्यक्षात काय काम करतात, याचा आधी अभ्यास होतो. त्यातून परीक्षेची रूपरेषा ठरते आणि प्रश्न त्या रूपरेषेवर बेततात. पीएमबॉक, म्हणजे पीएमआयचा प्रोजेक्ट मॅनेजमेंटवरचा मार्गदर्शक ग्रंथ, हा संदर्भग्रंथांपैकी एक आहे, नेमलेलं पाठ्यपुस्तक नव्हे.

२०२१च्या तारखाच पाहा. पीएमपीची नवी परीक्षा जानेवारीत सुरू झाली, तर पीएमबॉकची सातवी आवृत्ती त्याच वर्षी काही महिन्यांनंतर आली. पुस्तकाच्या आधी परीक्षा बदलली. त्या परीक्षेत माणसं ४२ टक्के, प्रक्रिया ५० टक्के आणि व्यवसायाचं वातावरण ८ टक्के अशी विभागणी होती. २०२६च्या रूपरेषेत हेच आकडे ३३, ४१ आणि २६ झाले आहेत. आठाचे सव्वीस होणं ही किरकोळ गोष्ट नाही. प्रोजेक्ट वेळेत संपला एवढ्यावर आता भागत नाही, त्यातून धंद्याला काय मिळालं हेही सांगता यावं लागतं. तेव्हा नव्या आवृत्तीची वाट पाहत अभ्यास लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. आपल्या परीक्षेच्या तारखेला लागू असलेली रूपरेषा आधी हातात घ्यावी. ती पीएमआयच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

गैरसमज ३ : ॲजाइलची परीक्षा म्हणजे स्क्रमची परीक्षा.

वस्तुस्थिती : स्क्रम ही ॲजाइलच्या छत्राखालची एक चौकट. केन श्वाबर आणि जेफ सदरलंड यांनी लिहिलेली स्क्रम गाइडची नोव्हेंबर २०२०ची आवृत्ती जेमतेम १३ पानांची आहे. एसीपीत स्क्रमसोबत कानबान, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग आणि लीन यांतल्या कल्पनाही येतात.

प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थाही वेगवेगळ्या आहेत. स्क्रम अलायन्सच्या सीएसएमसाठी आधी कोर्स करणं सक्तीचं असतं. परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि ३७ बरोबर आले की पास. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसएम-१साठी कोर्सची सक्ती नाही, पण ६० मिनिटांत ८० प्रश्न सोडवून ८५ टक्के मिळवावे लागतात. एकाच्या नोट्स घेऊन दुसऱ्याच्या परीक्षेला बसलेला उमेदवार हमखास गोत्यात येतो. जुन्या नोट्समध्ये रोजच्या स्क्रमचे तीन ठरलेले प्रश्न असतात : काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? २०१७च्या गाइडने ते ऐच्छिक केले आणि २०२०च्या गाइडमधून ते पूर्ण गेले. आपल्याकडच्या कित्येक टीम अजूनही सकाळी त्यांचीच पारायणं करतात. ते करण्यात गैर काही नाही, पण 'ते तीन प्रश्न बंधनकारक आहेत' हे उत्तर मात्र चुकेल.

गैरसमज ४ : ॲजाइल म्हणजे नियोजनाला सुट्टी.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. ठरल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं, असं त्यात म्हटलं आहे. पण योजनेलाही मोल आहे, हेही त्याच जाहीरनाम्यात आहे. ही दुसरी बाजू बहुतेक जण विसरतात. ॲजाइलमध्ये नियोजन कमी होत नाही. ते पुन्हा पुन्हा, छोट्या टप्प्यांत होतं.

परीक्षेत आता मिश्र पद्धतीचे प्रश्न पुष्कळ येतात, आणि ते समजून घ्यायला काला अंबच्या रणांगणाइतका जवळचा दाखला मराठी माणसाला मिळणार नाही. सदाशिवरावभाऊंच्या सैन्यात युद्धाच्या दोन रीती एकत्र होत्या. इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ आणि तोफखाना शिस्तीत, ठरल्या रचनेत लढणारा, तर मल्हारराव होळकरांसारखे जुने सरदार गनिमी काव्यावर विश्वास ठेवणारे. १४ जानेवारीच्या सकाळी सगळ्यांनी गोलाच्या रचनेत राहायचं ठरलं होतं. पण गारद्यांचा जोर रोहिल्यांवर चढत असताना विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडेस्वार रचना मोडून पुढे घुसले, असं इतिहासकार सांगतात. पराभवाची कारणं अनेक आहेत. उपासमार, तुटलेली रसद आणि सोबतचे हजारो बिनलढाऊ लोक ही त्यांतली मोठी. तरी एक गोष्ट उरतेच. दोन्ही रीती आपापल्या जागी खऱ्या होत्या, पण त्यांनी एकत्र कसं चालायचं याचा करार सगळ्यांच्या अंगी भिनलेला नव्हता.

परीक्षेतला मिश्र प्रश्न नेमका या सांध्यावर बोट ठेवतो. सर्व्हरचा पुरवठादार ठरलेल्या तारखेच्या कंत्राटावर आहे आणि सॉफ्टवेअरची टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवर, म्हणजे कामाच्या छोट्या ठरलेल्या टप्प्यांवर. पुरवठा लांबला. आता दोघांची घडी कशी बसवाल? 'कुठली पद्धत श्रेष्ठ' असं इथे कुणी विचारत नाही.

गैरसमज ५ : डंप पाठ केले, की काम झालं.

वस्तुस्थिती : फुटलेल्या प्रश्नांचे म्हणून जे संच विकले जातात, ते वापरणं पीएमआयच्या नियमांत बसत नाही. पकडलं गेल्यास प्रमाणपत्र जाऊ शकतं. तो भाग बाजूला ठेवला, तरी प्रश्नांचा साचा असा आहे की पाठांतर उपयोगी पडत नाही. नमुन्यादाखल हा एक प्रश्न बेतला आहे.

स्प्रिंटचा चौथा दिवस. ग्राहकाच्या प्रतिनिधीने एका डेव्हलपरला व्हॉट्सॲपवर थेट निरोप टाकला : 'रिपोर्टमध्ये आणखी एक रकाना हवाय, आजच्या आज.' डेव्हलपर तुमच्याकडे आला. तुम्ही काय कराल? (अ) ग्राहक महत्त्वाचा, लगेच करायला सांगाल. (आ) स्प्रिंट चालू असताना बदल नाही, म्हणून नकार कळवाल. (इ) प्रॉडक्ट ओनरशी बोलून त्या मागणीचं मोल आणि स्प्रिंटच्या उद्दिष्टावर होणारा परिणाम टीमसोबत तपासाल. (ई) ग्राहकाच्या वरिष्ठांकडे तक्रार कराल.

'ग्राहक म्हणेल ते' हेच ॲजाइल, असं मानणारा (अ)कडे जातो. 'स्प्रिंटला हात लावायचा नाही' एवढंच पाठ असलेला (आ)वर शिक्का मारतो. बरोबर उत्तर (इ). काम जसं उलगडत जातं तशी स्प्रिंटमधली व्याप्ती प्रॉडक्ट ओनरशी बोलून नव्याने ठरवता येते. जपायचं असतं ते उद्दिष्ट. चारही पर्याय आपण प्रत्यक्ष ऑफिसात पाहिलेले असतात, म्हणून चारही पटण्यासारखे वाटतात. 'बर्नडाउन चार्ट म्हणजे काय' विचारणारी परीक्षा आता 'हा चार्ट तीन दिवस आडवा चाललाय, पहिल्यांदा कुणाशी बोलाल' असं विचारते.

गैरसमज ६ : ६१ टक्के मिळाले, की पास.

वस्तुस्थिती : हा आकडा जुन्या पीएमपीच्या काळापासून फिरतो आहे. पीएमआय आता उत्तीर्णतेची टक्केवारी जाहीर करत नाही. निकालात प्रत्येक भागासाठी अपेक्षेपेक्षा वर, अपेक्षेइतकं, अपेक्षेपेक्षा खाली आणि सुधारणा हवी अशा चार पायऱ्या दाखवल्या जातात. शिवाय एसीपीच्या १२० प्रश्नांपैकी २० गुणांसाठी धरलेच जात नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी तपासले जाणारे प्रश्न असतात आणि कोणते ते उमेदवाराला कळत नाही. एखादा प्रश्न फारच विचित्र वाटला, तर त्याच्यापायी घाम गाळू नये. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

गैरसमज ७ : अनुभवाचा रकाना कसाही भरला तरी चालतो आणि ही परीक्षा फक्त आयटीवाल्यांची आहे.

वस्तुस्थिती : ॲजाइल टीममध्ये काम केल्याचा अनुभव आणि प्रशिक्षणाचे तास या दोन्ही अटी आहेत. अर्ज पडताळणीसाठी निवडला जाऊ शकतो आणि मग वरिष्ठांकडून खातरजमा करून द्यावी लागते. एसीपीची पात्रताही नव्या रूपरेषेबरोबर बदलली आहे, त्यामुळे मित्राने तीन वर्षांपूर्वी भरलेला अर्ज नमुना म्हणून धरू नये. अर्ज मंजूर झाल्यावर एक वर्ष मिळतं आणि त्यात तीन वेळा परीक्षा देता येते.

अनुभव सॉफ्टवेअरचाच हवा असं मात्र नाही. लीन आणि कानबान या कल्पना तर आल्याच टोयोटाच्या कारखान्यातून. पानिपतच्या एखाद्या हातमाग निर्यातदाराने परदेशी ग्राहकाला नमुने दाखवत, त्याच्या सूचना घेत छोट्या खेपांमध्ये माल काढला, तर त्या कामातही ॲजाइलची तत्त्वं आहेतच.

गैरसमज ८ : एकदा मिळालं, की जन्माचं मिळालं.

वस्तुस्थिती : पीएसएम-१ला मुदत नाही, हे खरं. पण एसीपी तीन वर्षांची असते आणि ती टिकवायला त्या काळात ३० पीडीयू, म्हणजे शिक्षणाचे तास, नोंदवावे लागतात. पीएमपीसाठी ते ६० आहेत. पुणे-डेक्कन, मुंबई आणि उत्तर भारत अशा पीएमआयच्या चॅप्टरांमधल्या व्याख्यानांतून यातले बरेच भरून निघतात. सीएसएमचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी करावं लागतं.

हे सगळं वाचून अभ्यासाला लागायचं असेल, तर फी भरण्याआधी एक संध्याकाळ काढावी. आपल्या तारखेला लागू असलेली रूपरेषा छापून घ्यावी. तिच्यात प्रत्येक भागाखाली कामांची यादी असते. त्या प्रत्येक कामासमोर आपल्या नोकरीतला एकेक खरा प्रसंग लिहावा : बदल कसा हाताळला, टीममधलं भांडण कसं मिटवलं, कुठलं काम मुद्दाम सोडून दिलं आणि का. जिथे पेन अडेल, त्या भागापासून पुस्तक उघडावं. आणि अर्ध्याहून जास्त रकाने कोरेच राहिले, तर फीचे पैसे सध्या खिशातच ठेवून आधी तसं काम मागून घ्यावं.