मुलांची गोष्ट, मुलांच्या शब्दांत

प्राथमिक शाळेत मराठीच्या तासाला ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रकार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तहानलेला कावळा, तळाशी पाणी असलेला घडा, आजूबाजूला पडलेले खडे. मुद्दे दिलेले, शेवट ठरलेला, तात्पर्यही ठरलेले. मग चाळीस वह्यांत एकच गोष्ट चाळीस वेळा सापडते, यात नवल ते काय? अशा अभ्यासाने वाक्यरचना सुधारत असेल. कल्पनाशक्तीला मात्र त्यात काही काम उरत नाही.

तोच कावळा वेगळ्या ठिकाणी नेऊन पाहावा. गावात नळयोजना आली आहे आणि पाणी एक दिवसाआड सुटते, एवढेच वर्गाला सांगावे. घडा नाही, खडे निरुपयोगी. आता कावळ्याने काय करावे? येथे प्रत्येक मुलाला स्वतःची वाट शोधावी लागते. कोणाला तरी काही हवे आहे आणि काही तरी आडवे आले आहे, इतक्या भांडवलावर गोष्ट सुरू होते. शिक्षकांनी उत्तर सुचवू नये, प्रश्न विचारावेत. कावळा कोणाच्या छपरावर बसला? त्याला कोणी हाकलले? तेव्हा तो काय म्हणाला?

आधी सांगणे, मग लिहिणे, हा क्रम महत्त्वाचा. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात गोष्टीला मानाचे स्थान दिले, ते उगाच नव्हे. सांगताना मूल सहसा अडत नाही. लिहिताना अडते, आणि त्याचे एक कारण शिक्षकांची लाल शाई हे आहे. घरी अहिराणी, वारली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या घरच्या शब्दावर फुली पडली, तर पुढच्या वेळी ते दोनच ओळी लिहील. त्या बिनचूक असतील आणि निर्जीवही. हे नुकसान गुणपत्रकात दिसत नाही. म्हणून पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखन तपासू नये. अर्थ कोठे लागला नाही, तेवढेच विचारावे. पात्रांच्या तोंडी बोली राहू द्यावी. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खर्ड्यात पाहता येतात.

लिहिलेल्या गोष्टीला वाचकही हवा. शाळेचे भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित यांना खर्च फारसा येत नाही. कोरे कागद आणि वाचनालयातील एक फळी ग्रामपंचायतीला सहज देता येईल. त्या फळीवर बालभारतीच्या, १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे अंकही ठेवावेत. ग्रामसभेत एखाद्या मुलाला आपली गोष्ट वाचून दाखवू द्यावी. ती नळाच्या पाण्याची असली, तरी सरपंचांनी ती शेवटपर्यंत ऐकावी.