दिघोरीत कोणाचा अधिकार किती?

भंडारा जिल्ह्यात लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरी (मोठी) इथला दहावीचा विद्यार्थी राज्यसभेची मुदत, राष्ट्रपतींची निवडणूक हे सगळं पेपरात बरोबर लिहितो. ग्रामसभेचे सदस्य कोण, असं विचारलं की मात्र उत्तर येतं, "सरपंच, उपसरपंच आणि निवडून आलेले मेंबर." मोठी माणसंही हेच सांगतात, म्हणून पोरांना दोष देण्यात अर्थ नाही.

निवडून येते ती ग्रामपंचायत, 7 ते 17 सदस्यांची. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. अठरा पूर्ण करून यादीत नाव घातलं की झालात सदस्य, निवडणूक लढवायची गरज नाही. वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात. घरकुलाचे लाभार्थी, गावाचा विकास आराखडा, खर्चाचा हिशेब हे सगळं तिथे येतं. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी संख्या. दिघोरीसारख्या मोठ्या गावाला म्हणजे शंभर माणसं पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पंधरावीस जणांसमोर यादी वाचली जाते, ठराव होतो आणि तो कायदेशीर असतो. "आम्हाला कोणी विचारलंच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच लंगडी पडते.

सरपंच थेट जनतेतून निवडून आला की त्याला कोणी हलवू शकत नाही, असंही समजतात. सदस्य त्याच्यावर अविश्वास ठराव आणू शकतात, पण तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. शेवटचा शब्द पुन्हा मतदारांचाच. आणि बाई सरपंच असेल तर अधिकार तिचा. खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याला कायदा ओळखत नाही.

तंटामुक्त समितीबद्दलचा गोंधळ जरा गंभीर आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007मध्ये सुरू झाली. धुऱ्याचा वाद, पाण्याचा वाद, घरगुती भांडण आपसात मिटावं, हा तिचा हेतू. समिती समेट घडवते, शिक्षा देत नाही. बलात्कारासारखा गुन्हा तिथे 'मिटवता' येत नाही, कोणी कितीही दबाव आणला तरी. जातपंचायतीने दंड लावणं, कुटुंबाला समाजाबाहेर टाकणं हा तर महाराष्ट्रात 2016च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

धानाच्या बांधीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "सातबाऱ्यावर माझं नाव आहे, जमीन माझी." सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावरची नोंद, विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते एवढंच. मालकी खरेदीखत, वारसाहक्क, वाटणीपत्र यांवरून ठरते आणि वाद झाला तर निकाल दिवाणी न्यायालय देतं, तलाठी नाही. बाप गेल्यावर फेरफारात फक्त भावांची नावं चढली, म्हणून हिंदू वारसा कायद्याखालच्या बहिणीचा वाटा बुडत नाही. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

उमेदवार आपल्याच मतदारसंघाचा रहिवासी लागतो, हाही असाच एक समज. लोकसभेला उभं राहायला देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी चालतं. (ग्रामपंचायतीला मात्र त्याच गावच्या यादीत लागतं.) भंडाऱ्याला तरी हे सांगायला नको. 1954च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथूनच उभे होते. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष हरतो, हे आजही पोरांना खरं वाटत नाही. मतपेटीला मोठेपणाची सूट नसते.

उरलं पोलीस ठाणं. "घटना आमच्या हद्दीत घडली नाही" म्हणून परत पाठवणं नियमात बसत नाही. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात द्यायची सोय आहे. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. पुढे प्रकरण ज्या हद्दीतलं असेल तिथे तो वर्ग होतो. प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नाहीत. एफआयआरमध्ये नाव आलं म्हणजे गुन्हेगार ठरला, असंही नाही. ती फक्त तपासाची सुरुवात. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, ही हमी संविधानाच्या कलम 22ची आहे. आणि ठाण्याने खबर घ्यायला नकार दिला, तर तीच खबर लेखी स्वरूपात टपालाने भंडाऱ्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.